पाव आण्याचा संच: स्पर्धेत उतरायचं असेल तर चिंचेला हात लावू नका

नाण्यांच्या छंदाबद्दल मिळणारा सगळ्यात घातक सल्ला दोनच शब्दांचा आहे: "स्वच्छ करा." तो देणाऱ्यांत माझी आजी होती, शेजारचे सराफ होते आणि परवा भेटलेला एक उत्साही मुलगाही होता. म्हणून हा लेख. चांदी-सोन्याच्या नादी न लागता, वापरून झिजलेल्या स्वस्त नाण्यांचा संच स्पर्धेत मांडता येईल असा कसा जमवायचा, ते सांगते.

आधी स्पर्धा म्हणजे काय ते. आम्ही सहा जण दिवाळीनंतरच्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येकाने एकाच नाण्याचा संच आणायचा, शक्य तितक्या वर्षांचा. कोरं, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं बाद. एका नाण्याला दीडशे रुपयांवर पैसे मोजायचे नाहीत, अपवाद एकाच नाण्याचा. परीक्षक बाहेरचा असतो. तो तीन गोष्टींना गुण देतो: संच किती पुरा आहे, नाणी एकमेकांशेजारी शोभतात का आणि कुणी नाण्यांचं वाटोळं केलंय का. अमेरिकेत हे वेड बरंच पुढे गेलं आहे. तिथे नाणी प्रमाणित करणारी पीसीजीएस ही कंपनी संचांची क्रमवारी लावते आणि त्यात 'एव्हरीमॅन' नावाचा वर्ग आहे. त्यात एयू-५८ या, म्हणजे जेमतेम वापरलेल्या नाण्याच्या प्रतीच्या वरचं, कोरं नाणं चालत नाही. पैसेवाल्याने नुसती कोरी नाणी ओतून पहिला नंबर घ्यायचा मार्गच बंद. उलट्या टोकाला सर्वांत गुळगुळीत नाण्यांचीही चुरस असते. त्यात नाणं जितकं झिजलेलं, तितका संच वर.

कुठलं नाणं निवडायचं? माझं मत पक्कं आहे: पाचव्या जॉर्जचं पाव आण्याचं नाणं, १९११ ते १९३६. चांदीचा रुपया नवशिक्याने घेऊ नये. ११.६६ ग्रॅमच्या त्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, त्यामुळे नाणं कितीही भिकार असलं तरी चांदीचा भाव मोजावाच लागतो. पाव आणा म्हणजे आपल्या आजी-आजोबांचा 'पैसा'. रुपयाला चौसष्ट. भाजीवालीच्या बटव्यापासून देवळाच्या पेटीपर्यंत सगळीकडे फिरलेला, म्हणून झिजलेलाच सापडतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. चौकोनी चवलीचा, म्हणजे दोन आण्यांच्या नाण्याचा संचही छान होतो, पण ती कप्रोनिकेलची, म्हणजे तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची. तिच्यावर पाव आण्याच्या ब्राँझसारखा रंग चढत नाही आणि खरी गंमत रंगातच आहे.

यादी करा. कुठल्या वर्षी कुठल्या टांकसाळीने नाणं पाडलं ते कुठल्याही बऱ्या कॅटलॉगमध्ये मिळतं. दोन्ही टांकसाळींनी दरवर्षी पाडलंच असं नाही, तेव्हा उगाच रकाने आखू नका. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नाही. मुंबईच्या नाण्यावर सालाच्या बरोबर मध्याखाली बारीक उठावदार ठिपका असतो. १९२० च्या दशकात मुंबईची नाणी दिसू लागतात. ठिपका बघताना नखाने खरवडू नका, कारण मळाचा कण ठिपक्यासारखा दिसतो आणि खरा ठिपका मळाखाली लपतो. नाणं तिरकं धरा. ठिपक्याला सावली पडते, डागाला पडत नाही.

१९११ चं नाणं तेवढं महाग पडेल, अपवाद त्याचाच. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. १९११ च्या नाण्यांवर त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. गहजब झाला आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. विक्रेता ही गोष्ट रंगवून सांगेल आणि प्रत्येक वाक्याला भाव चढवेल. ऐकून घ्या. झिजलेल्या नाण्यावर तो हत्ती बहुतेक वेळा दिसतही नाही. आपल्याला साल वाचता आलं की पुरे.

भिंग दहापटीचं घ्या, काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. १९०६ मध्ये तांब्याऐवजी ब्राँझ आलं तेव्हापासून पाव आण्याचं वजन ७५ ग्रेन, म्हणजे ४.८६ ग्रॅम, आणि व्यास २५.४ मिलिमीटर. झिजून थोडं कमी भरतं.

आता मुख्य गोष्ट. माझी तीन वर्षं इथेच गेली.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला जुने रुपये आणि पैसे ताटात मांडायचे. आदल्या दिवशी आजी ते चिंचेच्या कोळात टाकायची, मग राखुंडीने घासायची. ताट असं लखलखायचं की बघत राहावं. स्पर्धेच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे बावीस पाव आणे होते, सगळे काळपट. मी आजीचाच मार्ग धरला. परीक्षकाने पहिलं पाकीट उचललं, खिडकीकडे धरलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. पाचव्या पाकिटानंतर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, तांब्याचे तांबे घासता का हो घरी?" माझा नंबर सहावा आला. आम्ही सहाच होतो.

चिंचेने काय होतं ते समजून घ्या, मग मोह होणार नाही. ब्राँझवरचा तो तपकिरी थर मळ नसतो. तांब्याचा हवेशी संयोग होऊन कित्येक वर्षांत तो तयार होतो आणि खालचा धातू त्यानेच वाचतो. चिंचेतलं आम्ल हा थर विरघळवतं आणि खालून उघडं, सोललेल्या त्वचेसारखं गुलाबी तांबं वर येतं. राखुंडी त्यावर हजारो बारीक ओरखडे पाडते. थर परत येत नाही. म्हणजे काही महिन्यांत पुन्हा तपकिरी रंग येतो, पण तो ढगाळ, ठिगळ लावल्यासारखा असतो.

आता ही पायरी गाळू नका: वीस-वीस रुपयांचे चार भंगार पाव आणे मुद्दाम घ्या आणि स्वतःच्या हाताने बिघडवा. एक चिंचेत टाका. एक टूथपावडरने घासा. एकावर तपकिरी बूटपॉलिश चोपडून फडक्याने पुसा. चौथ्याला हात लावू नका. मग हे चौघे समोर ठेवून महिनाभर रोज दोन मिनिटं बघा, आधी खिडकीच्या उजेडात आणि नंतर एकाच दिव्याखाली. ट्यूबलाइट नको, तिच्याखाली सगळीच नाणी सज्जन दिसतात. डोळा तयार करायचा दुसरा रस्ता मला माहीत नाही. चित्रं बघून तर अजिबात होत नाही, कारण फोटोत चांगलं नाणं लाल दिसतं आणि घासलेलं नाणं चॉकलेटी.

काय बघायचं? नाणं कडांनी धरा आणि दिव्याखाली हळूहळू फिरवा. फक्त हातांनी झिजलेल्या नाण्यावर रंगाला चढ-उतार असतो: मुकुटाची पट्टी, गाल, दाढीचं टोक हे उंच भाग फिकट, अक्षरांच्या कुशी गडद. 'क्वार्टर' या इंग्रजी शब्दातल्या क्यू च्या पोटात बघा. तिथे वर्षानुवर्षांचा काळोख असायला हवा. तोच भाग बाकी नाण्याइतकाच उजळ असेल तर नाणं धुतलेलं आहे. भिंगाखाली मोकळ्या जागेत एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा दिसल्या तर घासलेलं आहे. खिशात किंवा बटव्यात पडलेले ओरखडे वेडेवाकडे असतात, कुठल्याही दिशेला जातात. माणसाचा हात मात्र एका लयीत चालतो.

बूटपॉलिशचं नाणं वेगळ्याच कारणाने सापडतं. त्याला उतारच नसतो. गाल आणि गालाजवळची खोबण, दोन्ही एका रंगाची. जुन्या ओरखड्याच्या आतसुद्धा तोच रंग बसलेला असतो. गंधकाने काळं केलेलंही तसंच, फक्त जरा निळसर. आणि सरळ नाकाजवळ न्या. मी हसण्यावारी नेत नाहीये. पॉलिशचा वास महिनोन्‌महिने जात नाही.

सगळ्यात फसवं नाणं दहा वर्षांपूर्वी धुतलेलं. तेव्हाची गुलाबी छटा गेलेली, वर तपकिरी रंग आलेला, विक्रेत्यालाही माहीत नसतं. मी असं १९१९ चं नाणं दोनदा घेतलं आणि दोनदा परत केलं, तेही त्याच विक्रेत्याला. इथे रंगावर विसंबू नका, पोत बघा. आम्लात जास्त वेळ राहिलेल्या नाण्याची मोकळी जागा संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची होते, अक्षरांच्या कडा मऊ पडतात. नदीत पडलेल्या नाण्यांचंही असंच होतं. गोदावरीत आणि चंद्रभागेत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पैसे टाकलेत. वाळू चाळणाऱ्यांकडून ते बाजारात येतात. श्रद्धेने टाकलेली नाणी, पण संचात घेण्यालायक नाहीत. शंका आली तर वजन करा. साल आणि मुकुट ठसठशीत असून नाणं साडेचार ग्रॅमच्या खाली भरत असेल तर ते झिजलेलं नाही, खाल्लेलं आहे.

आणि तरीही ठरवता येत नसेल तर घेऊ नका. पाव आणे लाखांनी आहेत.

मग काहीच करायचं नाही का? दोनच गोष्टी, त्याही धीराने. चिकट मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक रात्र ठेवा, न चोळता मऊ सुती कापडावर टेकवून टिपा. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांमुळे आलेला हिरवट चिकटपणा शुद्ध अ‍ॅसिटोनने जातो. नेलपॉलिश काढायचं द्रावण म्हणजे अ‍ॅसिटोन नव्हे, त्यात भलतंच मिसळलेलं असतं. खिडकी उघडी, गॅस बंद, काचेची वाटी. नाणं बुडवा, काढा, सुकू द्या. यापुढे हात गेला की थांबा.

खरेदी: पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे सकाळी लवकर जा. मोडीत आलेल्या तांब्यापितळेच्या ढिगात पैसे सापडतात. विक्रेता समोरच बोटाला थुंकी लावून नाणं पुसायला लागला तर त्याच्या हातातून काढून घ्या. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

साठवण: मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीचे पुठ्ठ्याचे चौकोन. मऊ पीव्हीसीची पाकिटं घरात आणूच नका. कोकणात राहत असाल तर डब्यात सिलिका जेल.

एकसारखेपणाबद्दल मात्र थोडं थांबते, कारण गुण तिथेच जातात. नवखा संग्राहक १९१२ चं जेमतेम वाचता येणारं नाणं आणि १९३६ चं जवळजवळ कोरं नाणं शेजारी मांडतो आणि कोऱ्याचं कौतुक व्हावं म्हणून वाट बघतो. परीक्षकाला दिसतं फक्त दात पडलेलं तोंड. आधी पातळी ठरवा. मी 'व्हेरी फाइन' या प्रतीच्या आसपास थांबते: मुकुटाची पट्टी दिसते, दागिने पुसट झालेत, दाढीचे केस अर्धेअधिक आहेत. त्याहून चांगलं नाणं हाती लागलं तर? देऊन टाका, बदल्यात तुमच्या पातळीची दोन घ्या. हे करताना जीव जातो, ठाऊक आहे. १९३० चं एक देखणं नाणं मी असंच दिलं. ते ज्याला दिलं त्याच्या संचातही ते आता एकटंच चमकतंय.

परदेशी क्रमवारीत नंबर लावण्यासाठी नाणी बाहेर पाठवायचा मोह झाला तर एक कायद्याची बाब. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि ते आपल्याआपण देशाबाहेर पाठवता येत नाही. आपल्या संचातली सुरुवातीची वर्षं या मर्यादेत केव्हाच गेली, बाकीचीही दरवर्षी एकेक जात राहतील. "पाकिटात घालून टाक, कोण बघतंय" असं सांगणारा भेटेल. तो तुमच्याबरोबर कस्टमच्या खिडकीत उभा राहणार नाही.

मांडणीच्या दिवशी चिठ्ठीवर साल, टांकसाळ, वजन आणि दिलेली किंमत एवढंच लिहा. "अतिदुर्मीळ" लिहू नका. नाणी सालाच्या क्रमाने लावा, पण मुंबईची आणि कलकत्त्याची वेगवेगळ्या ओळींत, म्हणजे रिकाम्या जागा प्रामाणिकपणे दिसतात. रिकाम्या चौकोनात साल लिहून तो तसाच ठेवा. मी एकदा १९१७ च्या जागी जरा संशयास्पद नाणं दडपलं होतं. परीक्षकाने नेमकं तेच उचललं आणि क्यू च्या पोटात भिंग धरलं.