विमान, रॉकेट आणि कक्षा समजून घेताना या चुका टाळा

विमान कसे उडते किंवा उपग्रह खाली का पडत नाही, याची जी स्पष्टीकरणे सर्रास दिली जातात, त्यांतली काही चुकीची असूनही ऐकायला इतकी सोपी असतात की ती वर्षानुवर्षे वह्यांतून आणि तक्त्यांवरून तशीच पुढे सरकत राहतात. अशी चूक पकडणारा एखादा नेमका प्रश्न मात्र जवळजवळ नेहमीच सापडतो, आणि स्पष्टीकरण पाठ करण्याआधी तो विचारून पाहावा.

सर्वांत चिवट चूक पंखाबद्दलची आहे. पंखाची वरची बाजू फुगीर असल्यामुळे वरच्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, खालच्या हवेला मागच्या कडेपाशी गाठण्यासाठी ती वेगाने जाते, वेग वाढला की दाब घटतो आणि विमान उचलले जाते, असे सांगितले जाते. मग कसरतींची विमाने उलटी होऊन कशी उडतात, आणि दोन्ही बाजूंनी सारखा आकार असलेला पंख वजन कसे पेलतो? वरच्या आणि खालच्या हवेने मागे एकाच क्षणी भेटावे, असा कोणताही नियम नाही. वातबोगद्यात, म्हणजे पंखावर कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, धुराचे झोत थांबून थांबून सोडले, तर पंखावरून गेलेला धूर खालच्या धुराच्या आधीच मागच्या कडेपाशी पोहोचलेला स्पष्ट दिसतो. वेग वाढला की दाब घटतो, हे बर्नुलीचे तत्त्व इथे चुकत नाही. चुकते ते गृहीतक. पंख समोरून येणाऱ्या हवेशी थोडा कोन करून असतो, प्रवाह त्याच्या दोन्ही पृष्ठभागांना धरून वळतो आणि खाली ढकलला जातो, न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार त्याच्या प्रतिक्रियेने पंखाला वरच्या दिशेने बल मिळते, आणि पंखाच्या वर कमी व खाली जास्त दाब हे त्याच घडामोडीचे दुसरे वर्णन आहे. त्यामुळे न्यूटन खरा की बर्नुली, हा वाद मला निरर्थक वाटतो.

हाच कोन फार वाढला, सर्वसाधारण पंखासाठी सुमारे 15 अंशांपलीकडे गेला, की वरच्या बाजूचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचलणारे बल एकदम घटते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणे म्हणजे स्टॉल, ही समजूत तपासायची असेल, तर इंजिनच नसलेले ग्लायडर स्टॉल होऊ शकते का, हे विचारावे. होऊ शकते. उलट 1983 साली कॅनडात इंधन संपून दोन्ही इंजिने बंद पडलेले बोइंग 767 वैमानिकांनी तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर सुखरूप उतरवले. म्हणूनच स्टॉलमधून बाहेर पडताना आधी नाक खाली करून कोन कमी करतात. इंजिनाची शक्ती वाढवणे त्यानंतर येते.

रॉकेट मागच्या हवेला रेटून पुढे जाते, ही चूक लवकर निस्तरता येते. तसे असते तर निर्वातात त्याचा जोर संपला असता. प्रत्यक्षात स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाचे प्रणोदन, म्हणजे पुढे ढकलणारे बल, समुद्रसपाटीला सुमारे 1,860 किलोन्यूटन, तर निर्वातात सुमारे 2,280 किलोन्यूटन होते. रॉकेट स्वतःचाच वायू प्रचंड वेगाने मागे फेकते आणि त्याच्या प्रतिक्रियेने पुढे जाते. बाहेरच्या हवेचा दाब त्यात अडथळाच आणतो.

यापुढची चूक अधिक खोलवर रुजलेली आहे: अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते. तसे असेल, तर सुमारे 3,84,000 किलोमीटर दूरच्या चंद्राला पृथ्वीभोवती कोण धरून ठेवते? सुमारे 400 किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या ठिकाणी गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असते. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक एकत्रच पडत असतात, आणि सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर या आडव्या वेगामुळे ते जितके खाली पडतात तितकी पृथ्वीही खाली वळत जाते. म्हणजे कक्षा हा मुख्यतः वेगाचा प्रश्न आहे, उंचीचा नव्हे. एक किलो वस्तू नुसती 400 किलोमीटर वर नेण्यासाठी सुमारे 3.7 मेगाज्यूल ऊर्जा लागते, पण तिथे कक्षेत टिकण्याचा वेग देण्यासाठी सुमारे 29 मेगाज्यूल. 1961 साली अमेरिकेचे अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड सुमारे 187 किलोमीटर उंच जाऊनही पंधराएक मिनिटांत समुद्रात उतरले, तर त्याआधी काही आठवडे सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारिन पृथ्वीची प्रदक्षिणा करून आले होते. फरक मुख्यतः आडव्या वेगाचा होता.

परत येताना यान केवळ हवेच्या घर्षणाने तापते, हेही अर्धवट आहे. घर्षण हेच मुख्य कारण असते, तर अंतराळकुपीचे (कॅप्सूलचे) तोंड टोकदार ठेवले असते. ते बोथट ठेवतात, कारण बहुतेक उष्णता समोर दाबल्या जाणाऱ्या हवेत निर्माण होते आणि बोथट आकारामुळे ती तप्त हवा यानापासून थोडी दूर राहून बाजूने निघून जाते.

कक्षेतल्या पाठलागाची चूक तर प्रत्यक्ष उड्डाणातही झाली आहे. जून 1965 मध्ये अमेरिकेच्या जेमिनी 4 यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे रोख धरून जोर लावला, पण टप्पा जवळ येईना. पुढच्या दिशेने वेग वाढवला की कक्षा उंचावते, प्रदक्षिणेला जास्त वेळ लागतो आणि यान मागे पडते. त्याच कक्षेत पुढे असलेल्याला गाठायचे असेल, तर आधी वेग कमी करून खालच्या, कमी वेळात पूर्ण होणाऱ्या कक्षेत उतरावे लागते आणि अंतर भरून निघाल्यावर पुन्हा वर यावे लागते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जेमिनी 6ए खालच्या कक्षेतूनच पाठलाग करत जेमिनी 7 च्या अगदी जवळ, सुमारे 30 सेंटिमीटरवर पोहोचले.