‘इन्स्टॉल’ दाबण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. फोन रुमालात गुंडाळून आणला होता. म्हणाले, "आपोआप मेसेज जातायत रे. गावातल्या सगळ्या ग्रुपवर माझ्या नावानं काहीतरी जातंय, लोक फोन करून विचारतायत."

व्हॉट्सॲप उघडून पाहिलं. भजनी मंडळ, पतसंस्था, भावकी, माजी विद्यार्थी, सगळीकडे सकाळपासून एकच फाइल गेलेली. नाव ‘आरटीओ चलान’ आणि शेवटी डॉट एपीके.

"गुरुजी, ही तुम्हाला कुणी पाठवली?"

"पुतण्याच्या नंबरवरून आली. गाडीचा दंड असेल म्हणून उघडली."

पुतण्यानं ती पाठवलीच नव्हती. त्याच्या फोनमध्ये ती आणखी कुणाच्या तरी नंबरवरून शिरली होती आणि तिथून पुढे स्वतःच निघाली होती.

मी तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्त करतो. फुटलेली स्क्रीन, ढिला झालेला चार्जिंगचा पॉइंट, फुगलेली बॅटरी ही रोजची कामं. पण हल्ली काही फोन असे येतात की त्यांचं हार्डवेअर ठणठणीत असतं आणि माणूस मात्र रडवेला झालेला असतो. विचारत गेलं की चूक सापडते, आणि ती बहुतेक वेळा ॲप घेण्याआधीच्या अर्ध्या मिनिटातली असते. त्याच चुका इथे लिहितो.

ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून फाइल उघडणे

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची कच्ची फाइल. प्ले स्टोअरच्या दारातून न येता ती थेट फोनमध्ये घुसते. लग्नपत्रिका, पीएम किसानची यादी, वीजबिल, बँकेचं केवायसी, गॅसची सबसिडी, कुठलंही नाव तिला देता येतं. लग्नाची खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, तिला ‘इन्स्टॉल’ करावं लागत नाही. नावाच्या शेवटी डॉट एपीके दिसलं की पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी आधी त्याला फोन लावा.

गुरुजींच्या फोनमध्ये काय घडलं ते आम्ही दोघांनी मिळून आठवून काढलं. फाइलवर बोट ठेवल्यावर फोननं अडवलं होतं की अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप घालायची परवानगी बंद आहे. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केली. ॲप उघडल्यावर ‘अपडेट करा’ अशी पाटी आली, तीही दाबली. खरं विषारी ॲप त्या ‘अपडेट’मधून उतरलं. मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली गेली, तीही दिली. त्यानंतर आयकॉनच नाहीसा झाला. फोननं एकदा स्पष्ट अडवलं होतं. तिथे थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून कळकळीनं सांगतो, फोनची ती सूचना ही अडगळ समजू नका.

आणि चलान खरंच आहे का हे बघायला फाइल लागतच नाही. परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर घालून पाहता येतं.

‘प्ले स्टोअरवर आहे म्हणजे चांगलंच असणार’

प्ले स्टोअर किंवा ॲपलचं ॲप स्टोअर बाहेरच्या फाइलींपेक्षा कितीतरी सुरक्षित, यात वाद नाही. पण चाळण आहे म्हणून खडा येतच नाही असं नाही. २०१७ मध्ये प्ले स्टोअरवर व्हॉट्सॲपची एक नक्कल दहा लाखांहून जास्त वेळा उतरवली गेली. ॲप बनवणाऱ्याच्या नावात खऱ्या कंपनीचंच नाव होतं, फक्त शेवटी डोळ्यांना न दिसणारा एक अक्षर-कोड घुसवलेला. नुसतं नाव वाचणाऱ्याला फरक कळणं शक्यच नव्हतं.

म्हणून मी नावाला हात लावून आत जातो. बनवणाऱ्याच्या नावावर दाबलं की त्याची बाकीची ॲप्स दिसतात. ज्या बँकेचं ॲप घ्यायचं, तिचंच दुसरं काही तिथे दिसायला हवं. वॉलपेपर, टॉर्च आणि पत्त्यांचा खेळ बनवणाऱ्याकडे बँकेचं ॲप असण्याचं कारण काय? खाली संपर्काचा ईमेल आणि वेबसाइट दिलेली असते. मोठ्या संस्थेच्या नावापुढे फुकटातला वैयक्तिक ईमेल असेल तर मी तिथूनच मागे फिरतो. बँकेच्या बाबतीत सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे बँकेच्या वेबसाइटवर जाऊन तिथल्या दुव्यावरून ॲपपर्यंत पोहोचायचं. पासबुकावर छापलेला वेबसाइटचा पत्ता त्यासाठीच वापरायचा, गूगलवर शोधून पहिला येईल तो नव्हे.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. चांगलं ॲप पुढे बिघडतं. आयरेकॉर्डर नावाचं स्क्रीन रेकॉर्ड करणारं ॲप २०२१ च्या सप्टेंबरात प्ले स्टोअरवर आलं तेव्हा स्वच्छ होतं. जवळजवळ वर्षभरानं, २०२२ च्या ऑगस्टमधल्या अपडेटमध्ये त्यात हेरगिरीचा भाग घातला गेला आणि ते आजूबाजूचा आवाज टिपून बाहेर पाठवू लागलं. ईसेट या सुरक्षा कंपनीनं २०२३ मध्ये ते उघड केलं, तोवर पन्नास हजारांहून अधिक डाउनलोड झाले होते. कागदपत्रं स्कॅन करणारं कॅमस्कॅनर तर घराघरांत होतं. २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीतल्या जाहिरातीच्या भागात घातक कोड सापडला, गूगलनं ते काही काळ काढून टाकलं आणि दुरुस्तीनंतर ते परत आलं. यावर माझा उपाय साधा आहे. कामापुरतं घेतलेलं ॲप काम झालं की काढून टाकतो. सहा महिने न उघडलेली वीस ॲप्स फोनमध्ये ठेवणं म्हणजे वीस अनोळखी माणसांकडे घराची किल्ली ठेवणं.

स्टार मोजणे

साडेचार स्टार विकत मिळतात. ‘नाइस ॲप’, ‘सुपर’, ‘व्हेरी गुड’ असे एकाच दिवशी आलेले शंभर अभिप्राय मी वाचतच नाही. अभिप्राय ‘नवे आधी’ असे लावतो आणि एक, दोन, तीन स्टारवाले वाचतो. ‘पैसे कापले’, ‘जाहिरात बंद होत नाही’, ‘अपडेटनंतर कॉन्टॅक्ट मागतंय’ असं तिघा-चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं असेल तर ॲप सोडून देतो. शेवटचं अपडेट कधीचं आहे तेही बघा. दोन-तीन वर्षं कुणी हात न लावलेलं ॲप पैशाच्या कामाला घेऊ नये.

काम काय आणि मागतंय काय, हे न जुळवणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बाकी सगळं विसरलात तरी ही एक तपासणी सोडू नका.

प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर ‘या ॲपविषयी’ उघडलं की तळाशी परवानग्यांची यादी मिळते, इन्स्टॉल करण्याआधीच. ती वाचायला एक मिनिट लागतं. नकाशाला लोकेशन हवं, व्हिडिओ कॉलला कॅमेरा आणि माइक हवा, हे समजतं. कॅलेंडरच्या ॲपला, ज्यात पंचांग आणि सणवार आहेत, त्याला एसएमएस कशाला? कीर्तनं ऐकवणाऱ्या ॲपला कॉल लॉग कशाला?

काही परवानग्या साध्या मानू नयेत. एसएमएस दिला की ओटीपी दिला. नोटिफिकेशन वाचू दिलं तरी ओटीपी दिसतो, कारण तो पडद्यावर वरून डोकावतोच. सगळ्यांत भारी परवानगी अ‍ॅक्सेसिबिलिटीची. ती मुळात दृष्टिहीन आणि हातांची हालचाल कठीण असलेल्या माणसांसाठी आहे, आणि त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. तिच्यामुळे ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. चोराच्या हाती ती गेली की तुम्ही झोपलेले असताना तो तुमच्याच फोनवर तुमचं बँकेचं ॲप चालवू शकतो. पीडीएफ वाचणारं, बॅटरी वाचवणारं किंवा ‘क्लीनर’ म्हणवणारं ॲप ती मागू लागलं तर तिथेच काढून टाका. ‘डिव्हाइस ॲडमिन’, म्हणजे फोनच्या कारभाऱ्याचा अधिकार, मागणारंही तसंच, कारण ते मग सहजी निघत नाही.

त्याच पानावर ‘डेटा सुरक्षितता’ असा भाग असतो. तो वाचा, पण तिथली माहिती ॲप बनवणाऱ्यानं स्वतः भरलेली असते हे लक्षात ठेवून.

निकडीत कर्जाचं ॲप घेणे

हे लिहिताना मला एक तरुण आठवतो. आईच्या ऑपरेशनसाठी त्यानं रात्री अकराला एका ॲपवरून काही हजार रुपये घेतले. हातात आले त्याहून कमी, मुदत सात दिवसांची. आठव्या दिवशी त्याच्या कॉन्टॅक्टमधल्या माणसांना, त्यात त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना, ‘हा चोर आहे’ असे मेसेज गेले. फोन घेऊन आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. त्यानं कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी दिली होती, आणि ॲपचा सगळा धंदा त्या परवानगीवरच उभा होता.

नियम कर्जदाराच्या बाजूचे आहेत, ते माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी सूचना काढल्या. त्यांनुसार कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण हे स्पष्ट सांगावं लागतं, पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यात यावे लागतात आणि ॲपनं कॉन्टॅक्ट यादी, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही. २०२३ पासून गूगलनंही कर्जाच्या ॲप्सना फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायला मनाई केली. तेव्हा कर्जाच्या ॲपनं कॉन्टॅक्ट मागितला की ते ॲप नियमाबाहेरचं, पुढे विचार करायचं कारणच नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून डिजिटल कर्ज ॲप्सची यादीही आहे, ज्या संस्था कर्ज देतात त्यांनीच कळवलेली. त्या यादीत नाव बघा. आणि घरातल्या कुणाला अशी निकड आली तर आधी तुम्हाला सांगायला त्याला लाज वाटणार नाही, एवढं बोलणं घरात असू द्या.

सरकारी वाटतं म्हणून घेणे

‘सातबारा’ असं शोधून बघा. राजमुद्रेसारखी चित्रं, हिरवी शेतं आणि मराठी नावं असलेली ॲप्स रांगेनं येतात, त्यांतली बरीच खासगी. ती सरकारी संकेतस्थळ आपल्या चौकटीत उघडून दाखवतात आणि मधेमधे जाहिराती घालतात. वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘हे ॲप कोणत्याही सरकारी संस्थेचं नाही’ असं लिहिलेलंही सापडतं, कारण प्ले स्टोअरचा तसा नियम आहे. तेवढी ओळ शोधून वाचा. सातबारा राज्य सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर बिनपैशाचा पाहता येतो. त्यासाठी कुठल्याही खासगी ॲपला आधार नंबर द्यायची गरज नाही. ई-पीक पाहणी असो की लाडकी बहीणचं केवायसी, तलाठी कार्यालयातून किंवा अंगणवाडी सेविकेकडून खरं नाव विचारून घ्या. २०२४ पासून प्ले स्टोअरवर अधिकृत सरकारी ॲप्सना ‘सरकारी’ असा बिल्ला मिळतो, तो दिसला तर उत्तमच.

‘तीन दिवस मोफत’

फोटो सजवणाऱ्या आणि कुंडली सांगणाऱ्या ॲप्समध्ये हे फार. मोफतचे दिवस संपले की वर्गणी आपोआप कापली जाऊ लागते. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, असं होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘पेमेंट आणि सदस्यत्वे’मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते. यूपीआय ॲपमधलं ‘ऑटोपे’, म्हणजे आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, तीही तपासा.

चूक होऊन गेली असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी फोन रिसेट करतात आणि मग बँकेत जातात, तेवढ्यात वेळही जातो आणि पुरावाही.

आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, सरळ विमान मोड लावा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, जितक्या लवकर कळवाल तितकी ते मधे अडवण्याची शक्यता जास्त. आलेली फाइल, तो चॅट, बँकेचे एसएमएस यांचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, तक्रारीला लागतात.

मग ॲप काढायचं. आयकॉन दिसत नसला तरी सेटिंगमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत ते असतं, कधी नाव कोरं, कधी ‘सिस्टिम अपडेट’सारखं. ‘अनइन्स्टॉल’ बटण दबत नसेल तर डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत जाऊन त्याची खूण काढा. सेटिंग उघडताच ते तुम्हाला बाहेर ढकलत असेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. तिथे बाहेरची ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे काढता येतात.

कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते *#२१# लावून पाहा, असतील तर ##००२# नं बंद करा. व्हॉट्सॲपचं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा, अनोळखी असेल ते काढा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. बँकेचं ॲप असलेल्या फोनमध्ये एवढं झालं असेल तर मी शेवटी फॅक्टरी रिसेटच करतो, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा करतो. फोटो आणि कॉन्टॅक्ट आधी काढून घेतो, डाउनलोडच्या फोल्डरमधल्या एपीके मात्र परत घालत नाही.

गुरुजींचं निवृत्तिवेतनाचं खातं वाचलं, कारण फोन दुकानात आणण्याआधी त्यांनी शेजाऱ्याच्या फोनवरून बँकेत कळवलं होतं. रिसेट होईपर्यंत ते बाकावर बसून होते. वहीत त्यांनी ग्रुपांची नावं एकाखाली एक लिहिली, आणि घरी गेल्यावर बाईंच्या फोनवरून प्रत्येक ग्रुपवर एक ओळ पाठवली, ‘माझ्या नंबरवरून आलेली फाइल मी पाठवलेली नाही, कुणी उघडली असेल तर आधी बँकेला फोन करा.’ संध्याकाळपर्यंत त्या ग्रुपांमधली तीन माणसं माझ्या दुकानात आली.