मेंढीची कच्ची लोकर मुंबईच्या घरात कशी धुवावी आणि कातावी

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात आणि भात कापलेल्या शेतांत मेंढरं बसवतात. पेण-कर्जतच्या बाजूला ओळखीने विचारलंत तर दख्खनी लोकर थेट त्यांच्याकडून घेता येते. कातरणं मात्र त्यांच्याच हातात राहू द्या. कातडी ताणून धरत मुळाशी एकदाच कातर चालवावी लागते. नवख्याच्या हातून मेंढी जखमी होते आणि दुबार कातरलेले आखूड तुकडे पुढे सुतात गुठळ्या करतात. मिळत असेल तर जावळ मागा, कोकराची ती पहिली कातरण सगळ्यात मऊ.

घरी आणून पसरा, शेण, काटे, कुसळं वेचून काढा.

आता धुणं. बहुतेकांची लोकर इथेच वाया जाते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, पुन्हा सुटत नाहीत. कोल्हापूरकडे जेन, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं अंथरूण, बनते ती याच गुणावर. आपल्याला सूत हवंय, म्हणून चोळू नका, पिळू नका, नळाची धार थेट लोकरीवर सोडू नका. वॉशिंग मशीनचं तर नावच काढू नका. 'उकळत्या पाण्यात टाका, स्वच्छ निघते' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चूक आहे. दख्खनी लोकरीत तेलकटपणा कमी, धूळच जास्त. हाताला सोसेल असं, 40 अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं.

रात्री भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी गाळून घ्या. एन्झाइमवाली पावडर नको. ती प्रथिनं तोडते आणि लोकर म्हणजे प्रथिनच. कांद्याच्या जाळीदार पिशवीत लोकर सैल भरा, टबात दाबून बुडवा आणि अर्धा तास हात लावू नका. पाणी गढूळ तपकिरी होईल. पिशवी उचलून निथळू द्या, मग नवं पाणी. ते आधीच्याइतकंच कोमट हवं, कारण एकदम गार पाणी लागलं की लोकर आकसून घट्ट होते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तेव्हा खळबळायच्या बादल्या आधीच भरून ठेवा. निम्म्यात पाणी गेलं म्हणून गार पाण्यावर भागवू नका.

सावलीत, जाळीवर पसरून वाळवा. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही हाताला कोरडीच लागते. तशीच प्लास्टिकमध्ये बांधलीत तर कुबट वास येणार. सुती पिशवीत ठेवा आणि अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते.

पिंजायला क्रॉफर्ड मार्केटात प्राण्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळणारे तारेचे दोन ब्रश चालतात. पिंजलेल्या लोकरीचे पेळू, म्हणजे सैल वळकट्या, करून चातीवर, म्हणजे सूत कातायच्या जड काडीवर, काता. कापसाची टकळी यासाठी फार हलकी पडते. या सुताचा स्वेटर करू नका, टोचेल. आसन, पायपुसणं, खांद्याची पिशवी करा, वर्षानुवर्षं टिकतात.