प्रसूतीआधी वॉर्मरपाशी (बाळ ऊबेत ठेवायच्या टेबलापाशी): अंबू बॅग, मास्क आणि ऑक्सिजनची तयारी

मंगळवेढ्याहून किंवा करमाळ्याहून बाळ पुढे सोलापूरला पाठवता येतं, पण न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यावा लागतो. म्हणून आई लेबर टेबलवर आली की आधी अंबू बॅग (हाताने पिळून बाळाला श्वास द्यायची पिशवी) हातात घ्या, सिलिंडर नंतर बघा. अशा बहुतेक बाळांना सर्वात आधी हवं असतं ते फुप्फुसांत हवा शिरणं.

बॅग नवजात बाळाचीच हवी, 250 ते 500 मिलिलीटरची. मास्क जोडतो त्या तोंडावर तळहात दाबून बॅग पिळा. हाताला दाब जाणवला पाहिजे, पॉप-ऑफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून) हवा सुटल्याचा आवाज आला पाहिजे (तो साधारण 30 ते 40 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला उघडतो) आणि हात सैल केल्याबरोबर बॅग फुगली पाहिजे. दाब लागत नसेल तर आधी आतली छोटी झडप बघा. बॅग धुऊन परत जोडताना ती राहून जाते किंवा उलटी बसते. सकाळी तपासली असली तरी प्रत्येक प्रसूतीआधी पुन्हा तपासा.

मास्क 0 आणि 1 नंबरचे, दोन्ही बाहेर काढलेले. हनुवटी, तोंड, नाक झाकलं जावं, डोळ्यांवर कड येऊ नये. कडेतली हवा गेलेला मास्क बाजूला टाका. तो गळतो, मग कितीही पिळलं तरी छाती उचलत नाही.

गर्भात 35 आठवडे किंवा जास्त पूर्ण झालेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेवर, म्हणजे 21 टक्के ऑक्सिजनवर. 32 ते 34 आठवड्यांच्या बाळाला 21 ते 30, त्याहून कमी दिवसांच्या बाळाला 30 किंवा जास्त. ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन ठरल्या प्रमाणात मिसळणारं यंत्र) नसेल तर एवढं लक्षात ठेवा: रिझर्व्हॉयरशिवाय (बॅगेच्या मागे लावायच्या ऑक्सिजन साठवणाऱ्या पिशवीशिवाय) ऑक्सिजन जोडला की साधारण 40 टक्के जातो, रिझर्व्हॉयर लावला की 90 ते 100. रिझर्व्हॉयर हाताशी असू द्या, छाती दाबायची वेळ आली तर लागेल. पल्स ऑक्सिमीटरचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा) प्रोब उजव्या हातालाच. जन्मानंतर दुसऱ्या मिनिटाला 65 ते 70 टक्के दिसणं ठीकच आहे, पाचव्याला 80 ते 85, दहाव्याला 85 ते 95. उगाच घाबरून ऑक्सिजन वाढवू नका. आणि अंबू बॅगचा मास्क नुसता नाकासमोर धरून ऑक्सिजन मिळत नाही, बॅग पिळावीच लागते. ही चूक फार होते.

टी-पीस (सिलिंडरच्या वायूवर ठरल्या दाबाने श्वास देणारं यंत्र) असेल तर फ्लो मिनिटाला 10 लिटर, टोक बंद करून दाब 20 ते 25 सेंटिमीटर पाणी, पीप (श्वास सोडल्यावर फुप्फुसांत राहणारा दाब) 5. वायू संपला की टी-पीस निकामी, म्हणून शेजारी बॅग हवीच. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर असतात, म्हणजे या फ्लोवर अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा.

सक्शनचा (तोंड-नाकातला स्राव ओढणाऱ्या यंत्राचा) दाब 80 ते 100 मिलिमीटर पारा. वीज जाते, म्हणून म्यूकस एक्स्ट्रॅक्टरही (विजेशिवाय स्राव ओढायची नळी) काढून ठेवा. मे महिन्याच्या उकाड्यातही पंखा बंद, कारण ओलं बाळ वाऱ्याने झपाट्याने गार पडतं. टॉवेल दोन-तीन, गरम केलेले आणि आधी धुतलेले. कोरा टॉवेल पाणी नीट टिपत नाही.