क्लच स्लिप गेला, ब्रँड तोच ठेवून

सर्व्हिसिंगनंतर बाईक भलतीच वागायला लागली, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी काही ओढायची नाही, म्हणजे क्लच घसरत (स्लिप होत) होता. मित्र म्हणाला तुझा ऑइलचा ब्रँडच बेकार, मी इतकी वर्षं माझंच ऑइल वापरतोय, दुसऱ्याला हात लावत नाही. मी आधी क्लच केबलचा प्ले (ढिलेपणा) बघितला, तो बरोबर होता, मग गॅरेजवाल्याकडून ऑइलचा रिकामा डबा मागून घेतला. मागे १०डब्ल्यू-३० (जाडीची ग्रेड), एपीआय एसएन (दर्जाची खूण) सगळं होतं पण जासो एमए, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाईकसाठीचं जपानी मानक, कुठेच नाही, म्हणजे कारचं ऑइल! कारच्या क्लचला इंजिन ऑइल लागतच नाही, बहुतेक बाईकचा मात्र त्यातच बुडालेला, त्यामुळे कारच्या ऑइलमधल्या फ्रिक्शन मॉडिफायरने (घर्षण कमी करणाऱ्या रसायनाने) क्लचच्या प्लेटांची पकड जाऊ शकते. (जासो एमबी स्कूटरसाठी ठीक, अशा बाईकला नको.) मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच जासो एमए२ (एमएचाच जास्त पकडीचा प्रकार) टाकलं, फिल्टर बदलला, थोडी चालवल्यावर स्लिप बंद, आणि ब्रँड तोच आहे बरं का! माझ्या प्लेटा वाचल्या, पण जळका वास येत असेल तर नुसत्या ऑइलवर भागत नाही, प्लेटा उघडून बघाव्याच लागतात.