रोस्टर घरी आणण्याआधी: कोकोच्या बिया भाजण्याची तयारी

रोस्टरची चौकशी सुरू करण्याआधी आपल्याकडचा ग्राइंडर एका वेळी किती चॉकलेट पेलतो, हे पाहून ठेवावे. घरी चॉकलेट करणारे अनेक जण डोशाचे पीठ वाटण्याच्या, कोइमतूरकडे बनणाऱ्या टेबल-टॉप वेट ग्राइंडरवरच कोको वाटतात. १ किलो वाळलेल्या बिया भाजून, फोडून आणि पाखडून झाल्या की साल व ओलावा वजा जाऊन साधारण ७०० ते ७५० ग्रॅम गर हाती लागतो, आणि ७० टक्के कोकोच्या चॉकलेटसाठी त्यात साखर घातली की वजन पुन्हा किलोभर होते. दोन लिटरच्या ग्राइंडरला एवढा घाणा पुरेसा असतो. त्यामुळे एका वेळी १ किलो बिया नीट भाजणारा रोस्टर पुरे. पाच किलोचे यंत्र घेऊन त्यात किलोभरच बिया फिरवल्या, तर त्या तळाशी पसरतात, तापमानाचा काटाही हवेचा आकडा दाखवत राहतो आणि भाजणी हातची जाते.

त्यानंतर यंत्राचा प्रकार ठरवावा, आणि माझ्या मते सर्वाधिक विचार इथेच करायला हवा. बाजारात लहान रोस्टर म्हणून जे मिळते ते बहुतेक कॉफीसाठी बनवलेले असते. कॉफीचा दाणा २०० अंश सेल्सिअसच्या पुढे नेतात; कोकोची बी मात्र आतून साधारण १२० ते १४० अंशांपर्यंत, तीही २० ते ३० मिनिटांत सावकाश न्यायची असते. म्हणून विक्रेत्याला यंत्र किती तापते हे विचारून उपयोग नाही. ते किती मंद ठेवता येते आणि आच मध्येच कमी करता येते का, हे विचारावे. गरम हवेच्या झोतावर दाणे उडवणारी लहान यंत्रे कोकोसाठी टाळावीत, कारण बी मोठी व चपटी असल्याने ती एकसारखी उडत नाही, सालीचे तुकडे जाळीत अडकतात आणि एका खेपेला मूठ-दोन मुठींपेक्षा जास्त माल भाजून होत नाही. फिरत्या ड्रमचे यंत्र घ्यावे. अमेरिकेत घरगुती चॉकलेटकारांनी बेहमोर हा कॉफीचा ड्रम रोस्टर कोकोसाठी मोठ्या प्रमाणावर वापरला आहे. तसे यंत्र परदेशातून मागवायचे असेल, तर ते १२० व्होल्टचे आहे की २३० व्होल्टचे, हे पाकिटावरचा आकडा वाचूनच ठरवावे. ट्रान्सफॉर्मर लावून काम भागते, पण तो जड व महाग पडतो आणि ६० हर्ट्झवर चालणाऱ्या काही मोटरी आपल्या ५० हर्ट्झवर मंद फिरतात. १६०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर ओढते, म्हणून त्यासाठी गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट ओट्याजवळ आहे का, हे आधी पाहावे आणि नसल्यास इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

एवढा खर्च नको असेल, तर घरातल्या ओटीजीचाही विचार करावा. रोटिसरीची सोय असलेल्या ओटीजीत स्टीलच्या जाळीचा ड्रम बसवता येतो. मात्र ड्रम मागवण्याआधी आतील लांबी, उंची आणि दांड्याची जाडी मोजून घ्यावी, आणि ड्रमसह बियांचे वजन त्या मोटरीला झेपेल का, हे ओव्हनच्या पुस्तिकेत पाहावे. जाळीची भोके बी अडकणार नाही इतकी बारीक असावीत. ड्रम नसेल तर थाळीत बिया एकाच थरात पसरून दर पाच मिनिटांनी हलवाव्या लागतात, आणि त्यासाठी दरवेळी दार उघडल्याने आच उतरते, हे वेळेच्या हिशेबात धरावे. ज्या ओटीजीत मासे किंवा मसाल्याचे पदार्थ भाजले जातात तो कोकोसाठी वापरू नये. कोकोतील तूप (बीतली चरबी, म्हणजे कोको बटर) वास फार लवकर धरते आणि तो वास पुढे वाटून-घोटून निघत नाही. लोखंडी कढईत मी पहिल्यांदा बिया भाजल्या तेव्हा साल काळी पडली आणि गर आतून कच्चा, आंबट राहिला. कढईत कोकोची बी ओळखायला शिकता येते, पण दरवेळी तीच चव हवी असेल तर ती उपयोगाची नाही.

तापमान मोजण्याची सोय हा रोस्टरचाच भाग मानावा. ओव्हनच्या चकतीवरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच वेगळा असू शकतो, म्हणून आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणि शक्य असल्यास बियांच्या ढिगात जाणारी तारेची प्रोब घ्यावी. दुरून तापमान सांगणारी इन्फ्रारेड बंदूक फक्त सालीचे तापमान सांगते. त्याबरोबर ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि वही ठेवावी. भाजण्याआधीचे व नंतरचे वजन लिहिले की किती ओलावा गेला ते कळते. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत बिया ओल धरतात, तेव्हा त्याच आचेवर वेळ वाढतो.

यंत्र आल्यावर ते पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवून अर्धा तास रिकामेच तापवावे, म्हणजे कारखान्यातले तेल जळून जाते. पहिला घाणा मोजक्याच बियांचा घ्यावा. दगड, काड्या, फुटक्या व एकमेकींना चिकटलेल्या बिया वेचून बाजूला काढाव्यात आणि फार लहान बिया लवकर भाजून होतात म्हणून त्या वेगळ्या भाजाव्यात; थालीपिठाच्या भाजणीत प्रत्येक धान्य वेगळे भाजतात ते याच कारणाने. सुरुवातीला व्हिनेगरसारखा झणका नाकाला लागतो, कारण आंबवताना बियांत उतरलेले ॲसेटिक ॲसिड बाहेर पडत असते. मग तो वास ओसरून केकसारखा खमंग वास दरवळू लागतो, काही बिया तडतडतात, आणि हा सुवास मंदावण्याआधीच आच बंद करावी लागते.

म्हणून थंड करण्याची तयारी भाजायला घेण्याआधीच झालेली असावी: रुंद चाळणी किंवा सूप, शेजारी टेबल फॅन आणि हातात जाड मोजे. बिया यंत्रातच राहू दिल्या तर ड्रमच्या उष्णतेने आणखी भाजत राहतात. कच्च्या बियांची परात आणि भाजलेल्या बियांची परात वेगळी ठेवावी, कारण आंबवताना व उघड्यावर वाळवताना सालीवर आलेले जंतू भाजल्याने मरतात, पण कच्च्या मालाच्या भांड्यातून ते परत लागू शकतात.