बूस्टरबद्दल लोकांना विचारायचं कसं

कोविडच्या महासाथीच्या काळात आरोग्य पाहणीसाठी मुलामुलींना तयार करायचं काम माझ्याकडे होतं. ‘बूस्टर घेणार का? हो / नाही’ एवढ्याच प्रश्नाचा फॉर्म कुणी पुढे केला, की मी तो उभ्या उभ्या परत करायचे. (बूस्टर म्हणजे लसीचे दोन डोस झाल्यावरचा तिसरा डोस.) या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्यांत कोण कोण येतं ते बघा. दोन्ही डोस रांग लावून घेतलेली, पण दुसऱ्यानंतर तापाने फणफणलेली बाई. नुकताच संसर्ग होऊन गेलेला आणि ‘आता अँटीबॉडी माझ्या अंगातच आहेत’ म्हणणारा तरुण. आपली वेळ आली की नाही हेच ठाऊक नसलेले आजोबा. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा आणि म्हणून राहून गेलेला कामगार. आणि पहिलीही लस न घेतलेला, पुढेही न घेणारा एखादा. पाच जणांची पाच कारणं, पण कागदावर सगळी एकाच रकान्यात. त्यावरून उद्या कुणी ‘लोक लसीच्या विरोधात गेले’ असं लिहिलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? फॉर्मनेच तसं सांगितलेलं असतं.

वस्तीत, कार्यालयात, कॉलेजात अशी छोटी पाहणी करायची असेल, तर एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. दोन डोस घेतलेल्या माणसाने तिसऱ्याला टाळाटाळ करणं आणि लसच नाकारणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्या माणसाने लसीवर एकदा विश्वास ठेवलेला आहे. मधल्या काळात काय बदललं, ते तुम्हाला त्याच्याकडून काढायचं आहे.

म्हणून मताच्या आधी इतिहास. किती डोस झाले, शेवटचा साधारण कधी, त्रास काय झाला, संसर्ग झाला होता का, झाला असेल तर डोसच्या आधी की नंतर. डॉक्टरांनी काही सांगितलं होतं का, हेही विचारा. काहींना आजारपणामुळे थांबायला सांगितलेलं असतं आणि त्यांना ‘टाळणारे’ म्हणणं अन्यायाचं आहे. ज्याने एकही डोस घेतलेला नाही, त्याला बूस्टरचा प्रश्न विचारूच नका. त्याचे प्रश्न वेगळे, पान वेगळं, आणि शेवटी टक्केवारीही वेगळी काढायची.

मग ‘का’. इथे पर्याय वाचून दाखवायची घाई करू नका. आधी माणसाला बोलू द्या आणि तो बोलेल तसंच्या तसं लिहा. ‘काकू, दोन डोस झाले म्हणालात, तिसऱ्याचं काय ठरवलंय?’ असं सरळ विचारलं की बहुतेक जण बोलतात. ‘काकू, अजून नाही घेतला?’ असं म्हणाल, तर त्या ‘अजून’मध्येच ठपका ऐकू येतो आणि काकू ‘घेणार आहे हो, पुढच्या आठवड्यात’ म्हणून तुम्हाला वाटेला लावतात. आमच्याकडच्या एका मुलीचं ‘घेणार’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा फार वर जायचं. तिच्यासोबत फिरल्यावर कारण कळलं: समोरच्याने ‘हो’ म्हटलं की ती इतकी छान हसायची की ‘नाही’ म्हणायचा कुणाला धीर होईना.

सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर म्हणजे ‘आता पुरे झालं’. हे उत्तर लिहून पुढे जाणाऱ्याला मी पाहणीला पाठवत नाही. पुरे म्हणजे कशाचं? एवढं विचारलं की आतून वेगवेगळं निघतं. कुणी रोजच्या बातम्यांना कंटाळलेलं असतं, कुणाला दर काही महिन्यांनी बदलणारे नियम नकोसे झालेले असतात. आणि बरेच जण म्हणतात, ‘घेऊनही झालाच ना!’

या शेवटच्या उत्तराशी वाद घालू नका, कारण माणूस पाहिलेलं सांगतोय. लसीमुळे संसर्गापासून मिळणारं संरक्षण काही महिन्यांत उतरतं, तर गंभीर आजारापासूनचं जास्त टिकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबर २०२१ला ओमिक्रॉनला चिंताजनक प्रकारांच्या यादीत टाकलं आणि त्यानंतर घरोघरी लस घेतलेल्यांनाही सर्दी-ताप-खोकला होऊन गेला. ‘लस घेतली की होणारच नाही’ अशी समजूत करून घेतलेल्याला ती फसवणूक वाटणं साहजिक आहे. तुम्ही एवढंच विचारा: ‘तुमच्या मते लस कशासाठी असते? आजार होऊ नये म्हणून, की झाला तर रुग्णालयात जायची वेळ येऊ नये म्हणून?’ माझ्या मते पूर्ण फॉर्ममधला हा सर्वांत मोलाचा प्रश्न. बूस्टरबद्दलचं मत बहुतेक वेळा या उत्तरावर टेकलेलं असतं.

त्रासाच्या भीतीबद्दलही थोडं जपून. कोविडच्या लसींच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा जानेवारी २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसतं औषधहीन इंजेक्शन मिळालेल्यांपैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असा काही ना काही त्रास सांगितला होता. ही माहिती तुमच्यासाठी आहे, समोरच्याला ऐकवण्यासाठी नव्हे. खरी लस मिळालेल्यांमध्ये त्रासाचं प्रमाण जास्तच होतं आणि ज्याचा दोन दिवसांचा रोज बुडालाय त्याला ‘तुमच्या मनाचे खेळ’ म्हणालात, तर तो दार लावून घेईल. त्याला विचारा की परत तसा ताप आला तर घरात बघणारं कुणी आहे का, सुट्टी मिळेल का. बरेचदा अडचण तापाची नसते, तापात एकटं पडण्याची असते.

कारणं लिहून झाल्यावर काही निसटलंय का ते ताडायला मानसशास्त्रज्ञ कोर्नेलिया बेट्श आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये मांडलेली पाच अंगं उपयोगी पडतात: लसीवर आणि ती देणाऱ्या यंत्रणेवर भरवसा, ‘मला काय होतंय’ ही बेफिकिरी, वेळ-अंतर-खर्चाच्या अडचणी, स्वतः माहिती काढून हिशेब मांडायची सवय, आणि इतरांसाठी घ्यावी ही भावना. बूस्टरच्या बाबतीत माझा भर अडचणींवर असायचा. भरवशाबद्दल विचारायला सगळ्यांना आवडतं, केंद्र किती वाजता बंद होतं हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

‘घेणार’ म्हणाले तर तिथे थांबायचं नाही. कधी? कुठे? सोबत कोण? उत्तरं पटापट आली तर तो बेत खरा समजा. माणूस छताकडे बघायला लागला, तर ‘इच्छा आहे, बेत नाही’ असा वेगळा रकाना ठेवा. हा रकाना फार कामाचा आहे, कारण या लोकांना समजावण्यापेक्षा आठवण करून द्यायची गरज असते. अमेरिकेत एका औषधदुकान साखळीच्या ३६ लाखांहून जास्त ग्राहकांवर मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवल्याने बूस्टर घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एका टक्केबिंदूने वाढलं. केंद्रापर्यंत फुकट गाडी देऊ केल्याने त्यात जास्तीची भर पडली नाही. एक टक्केबिंदू ऐकायला किरकोळ वाटतो. लाखांच्या गर्दीत मात्र ती हजारो माणसं होतात.

आता कुणाला विचारायचं. ग्रुपवर लिंक टाकून हजारभर उत्तरं गोळा करायचा मोह आवरा. डिसेंबर २०२१मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. अमेरिकेत फेसबुकवरून चालणाऱ्या एका पाहणीला दर आठवड्याला सुमारे २.५ लाख लोक उत्तरं देत होते. मे २०२१मध्ये निदान एक डोस घेतलेल्यांचं प्रमाण त्या पाहणीने सरकारी आकड्यापेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवलं. त्याच काळात नीट निवडलेल्या सुमारे १,००० लोकांची एक पाहणी खऱ्या आकड्याच्या कितीतरी जवळ होती. शिजलेला भात बघायला शीत एकच पुरतं, पण भांडं ढवळलेलं हवं. तेव्हा यादी करा, दर ठरावीक क्रमांकाचं घर घ्या, आणि दार बंद असेल तर शेजारच्याला न विचारता संध्याकाळी परत जा. दिवसा घरी सापडणारी माणसं आणि दिवसा कामावर असणारी माणसं बूस्टरबद्दल सारखं बोलत नाहीत.

प्रत्येक फॉर्मवर तारीख हवीच. बूस्टरवरची मतं नियमांसोबत आणि बातम्यांसोबत हलत होती. इस्रायलने जुलै २०२१च्या अखेरीस साठीपुढच्यांना तिसरा डोस सुरू केला आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेने बूस्टर तूर्त थांबवा, गरीब देशांना पहिले डोस मिळू द्या, असं आवाहन केलं. भारतात जानेवारी २०२२मध्ये ‘प्रिकॉशन डोस’ या नावाने बूस्टर आला तेव्हा दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने थांबावं लागे. त्याच वर्षी जुलैमध्ये ते अंतर सहा महिन्यांवर आलं. जूनमध्ये ‘माझी वेळ आली नाही’ म्हणणारा माणूस ऑगस्टमध्ये तेच म्हणाला, तर पहिल्या वेळी ते खरं असू शकतं आणि दुसऱ्या वेळी माहितीचा अभाव. तारीख नसेल तर हा फरक कळायचा कसा?

लोक उलट विचारतात, ‘ताई, तुम्ही घेतला का?’ लपवू नका, पण ‘फॉर्म झाला की सांगते’ म्हणा आणि खरोखर सांगा. आधी सांगितलंत तर पुढची उत्तरं तुमच्या उत्तराकडे बघून येतात. ‘मला मधुमेह आहे, घेऊ का?’ याला तुम्ही उत्तर द्यायचं नाही. जवळच्या केंद्राची वेळ लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा, ती द्या आणि डॉक्टरांकडे पाठवा.

अहवाल लिहिताना ‘माहीत नाही’वाल्यांना ‘नाही’त ढकलू नका. किती जणांनी बोलायलाच नकार दिला तो आकडा पहिल्या पानावर छापा, तळटीपेत नको. आणि दोन डोस झालेल्यांचा तक्ता आधी येऊ द्या, एकही न घेतलेल्यांचा त्याच्यानंतर, स्वतंत्र पानावर.